तारीख कोणाची? रॉयल अल्बर्ट हॉल आणि संशोधनातला एक साधा प्रश्न

मराठी नाटकाच्या धंद्यात एक शब्द सतत कानावर पडतो. तारीख. नाटक बसलं, नट मिळाले, सेट उभा राहिला, तरी निर्मात्याचा जीव अडकलेला असतो तो नाट्यगृहाच्या तारखांमध्ये. शनिवार-रविवारची दुपार कोणाला मिळाली आणि मंगळवारची रात्र कोणाच्या गळ्यात पडली, यावर नाटकाचं पुढचं आयुष्य ठरतं. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो पडदा.

आजची पोस्ट या शब्दाबद्दल आहे. उदाहरण मात्र पुण्या-मुंबईचं नाही, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं आहे. का, ते सांगते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी विभागात मला प्रगती-सेमिनार द्यायचा होता. माझा विषय सार्वजनिक सभागृहांचा सामाजिक इतिहास. तुलनेसाठी एक जगप्रसिद्ध सभागृह घ्यावं म्हणून मी अल्बर्ट हॉल निवडला आणि स्लाइड्स बनवल्या. वॅग्नर, आइनस्टाइन, मुहम्मद अली, बीटल्स, लता मंगेशकर. प्रत्येकाचा एक फोटो आणि खाली साल. शेवटी निष्कर्ष: 'कला, विज्ञान, क्रीडा आणि राजकारण यांना सामावून घेणारी ही वास्तू विविधतेचं प्रतीक आहे.' टाळ्या वगैरे पडल्या. मग मॅडमनी शांतपणे विचारलं, "बरं, आइनस्टाइनच्या रात्री हॉल कोणी घेतला होता? भाडं कोणी भरलं?"

मला उत्तर देता आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "अगं, मग तुझ्याकडे इतिहास नाहीये, पाहुण्यांची यादी आहे."

तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुढचे काही महिने मी तोच प्रश्न धरून तेच साहित्य परत वाचलं आणि माझा निष्कर्ष पार उलटापालटा झाला. ज्यांना पुढे-मागे सिनॉप्सिस लिहायचा आहे, त्यांच्यासाठी तो प्रवास इथे मांडते.

आधी पैशाची गोष्ट

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तेच ते क्रिस्टल पॅलेसचं प्रदर्शन. साठ लाखांहून जास्त तिकिटं गेली आणि सुमारे १ लाख ८६ हजार पौंड नफा झाला. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट या प्रदर्शनामागचे मुख्य पुरस्कर्ते. नफ्याच्या पैशातून दक्षिण केन्सिंग्टन भागात जमीन घेऊन तिथे संग्रहालयं, शिक्षणसंस्था आणि एक मोठं मध्यवर्ती सभागृह उभारावं, ही त्यांची कल्पना. १८६१ च्या डिसेंबरात ते वारले. लोकवर्गणीचा पैसा त्यांच्या स्मारकाकडे वळला आणि सभागृहासाठी पुरेसा निधी उरला नाही.

आता इथे थांबा, कारण पुढच्या दीडशे वर्षांची किल्ली इथे आहे. हेन्री कोल नावाच्या धडपड्या अधिकाऱ्यानं मार्ग काढला: हॉल बांधण्याआधीच त्यातल्या खुर्च्या विकायच्या. एका खुर्चीचे १०० पौंड आणि बदल्यात ९९९ वर्षांचा हक्क. तेराशेच्या आसपास जागा अशा विकल्या गेल्या. खुद्द राणीनं वीस जागा घेतल्या. वर प्रदर्शनाच्या आयोगाकडून रक्कम मिळाली आणि सुमारे २ लाख पौंडांचं काम उभं राहिलं.

म्हणजे सरकारनं बांधलेलं हे सभागृह नाही, आणि एखाद्या संस्थानिकाच्या देणगीतलंही नाही. पहिल्या दिवसापासून त्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या खुर्च्या खाजगी मालकीच्या. आजही ५,२७२ पैकी बाराशेहून अधिक जागा अशा सभासदांच्या ताब्यात आहेत. ते वार्षिक वर्गणी देतात आणि बहुतेक कार्यक्रमांना आपल्या खुर्चीत बसू शकतात. कार्यक्रम ठेवणाऱ्याला त्या जागांची तिकिटं विकता येत नाहीत. हॉल आज नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे, पण रोजचा गाडा चालवायला त्याला नियमित सरकारी अनुदान नाही. वीज, डागडुजी, पगार, सगळं तारखा भरूनच काढायचं.

१८६७ च्या मे महिन्यात कोनशिला बसवताना राणीनं 'सेंट्रल हॉल' हे ठरलेलं नाव बदलून त्यापुढे नवऱ्याचं नाव जोडलं. २९ मार्च १८७१ ला उद्घाटन झालं तेव्हा तिला भावनावेगात बोलता आलं नाही, युवराजानं हॉल खुला झाल्याचं जाहीर केलं. ही हृद्य गोष्ट प्रत्येक पुस्तकात आहे. शंभर पौंडांच्या खुर्चीची गोष्टही असते, पण एका ओळीत, गंमत म्हणून. मी सुद्धा ती तशीच वाचून पुढे गेले होते.

गाण्यासाठी बांधलेला, पण गाण्याला न मानवणारा

इमारत लष्करी अभियंत्यांनी केली. आराखडा कॅप्टन फ्रान्सिस फाउक यांचा. ते १८६५ मध्ये वारल्यावर हेन्री स्कॉट यांनी काम पुरं केलं. रोमन रंगमंडलासारखा लंबगोल आकार, साठ लाख लाल विटा, भाजलेल्या मातीचे ८० हजार ठोकळे आणि वर लोखंड-काचेचा घुमट. घुमटाचा सांगाडा आधी मँचेस्टरला जुळवून पाहिला, मग सुटा करून लंडनला आणला. खालचे टेकू काढले तेव्हा तो इंचाचा तिसरा हिस्साही खाली बसला नाही. अभियांत्रिकी म्हणून अफलातून काम.

आवाजाच्या दृष्टीनं मात्र आपत्ती. उद्घाटनाच्या दिवशीच प्रार्थनेचे शब्द घुमटावरून परत येऊन लोकांच्या कानांवर आदळले. पुढे विनोदच झाला की ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळण्याची खात्री फक्त इथेच. घुमटाखाली कापडाचं छत ताणून पाहिलं. १९४९ मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. खरा उतार पडला तो १९६९ मध्ये, जेव्हा छतापासून फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या. फोटोत दिसणाऱ्या निळसर 'छत्र्या' त्या ह्याच. म्हणजे हॉलच्या आयुष्याची पहिली ९८ वर्षं प्रतिध्वनी सोबतीला होता.

आता दोन गोष्टी एकत्र ठेवा. पाच हजारांवर माणसं बसतील असा प्रचंड हॉल, ज्यात बारीक नाजूक संगीत नीट ऐकू येत नाही. आणि खर्च भागवायला तारखा भरायची सक्ती. अशा जागेत काय होईल? जे मोठं आहे, गर्दीचं आहे, आणि ज्याला आवाजाच्या सफाईपेक्षा दृश्याची आणि संख्येची गरज आहे, ते होईल. शेकडो गायकांचे समूहगान. १९२४ ते १९३९ या काळात सॅम्युअल कोलरिज-टेलर यांच्या हायावाथावरील रचनेचे वेशभूषेसह भव्य प्रयोग. सभा. कुस्त्या. मुष्टियुद्ध.

माझ्या स्लाइडवरची 'विविधता' कोणाच्या उदार दृष्टीतून जन्मलेली नव्हती, किंवा निदान फक्त त्यातून नव्हती. ती रिकाम्या तारखांची आणि घुमणाऱ्या घुमटाची संयुक्त निर्मिती होती.

एकच माणूस, दोन तारखा

तारखा चाळताना भारी गंमत येते. आपण सगळे 'सँडो बनियन' म्हणतो ना, तो सँडो म्हणजे युजेन सँडो, त्या काळचा जगप्रसिद्ध बलदंड. त्यानं १४ सप्टेंबर १९०१ रोजी अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत एक शिल्पकार होते, आणि दुसरे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल.

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, १३ जुलै १९३० ला, हेच डॉइल पुन्हा या हॉलच्या कार्यक्रमात होते. या वेळी रिकाम्या खुर्चीच्या रूपात. सहा दिवसांपूर्वी त्यांचं निधन झालं होतं. शेवटची काही वर्षं ते परलोकविद्येचे कट्टर प्रचारक होते, म्हणून त्यांच्या सहविचारींनी हॉल घेऊन स्मरणसभा ठेवली. व्यासपीठावर त्यांच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवली आणि एका माध्यम-स्त्रीनं त्यांचा संदेश आल्याचं सांगितलं.

दोन्ही रात्री 'अल्बर्ट हॉलमधले डॉइल' म्हणून एकाच रकान्यात टाकता येतात. पण प्रश्न विचारला की रकाने वेगळे होतात. पहिल्या रात्री हॉल घेणारा होता व्यायामाचा व्यवसाय करणारा उद्योजक. दुसऱ्या रात्री घेणारी होती एक श्रद्धा-चळवळ, जिला एवढ्या मोठ्या, प्रतिष्ठित छताखाली आपण हास्यास्पद नाही हे जगाला दाखवायचं होतं. भाडं दोघांनी भरलं, पण विकत घेतलं ते वेगळं. एकानं गर्दी, दुसऱ्यानं प्रतिष्ठा.

मधल्या काळातली आणखी दोन उदाहरणं बघा. १८ डिसेंबर १९०९ ला हॉलच्या आत चक्क मॅरेथॉन झाली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अंतिम रेषेपाशी कोसळून गाजलेला इटलीचा दोरांदो पिएत्री विरुद्ध इंग्लंडचा गार्डनर. धावायचे ५२४ फेरे, तेही छताखाली. पिएत्रीनं मध्येच सोडलं आणि गार्डनर जिंकला. त्यानंतर अडीच वर्षांनी, २४ मे १९१२ ला, त्याच जागेत टायटॅनिकवर बुडालेल्या वादकांच्या कुटुंबांसाठी सुमारे पाचशे वादकांचा मदत-कार्यक्रम झाला. संचालन करणाऱ्यांत एल्गार आणि हेन्री वुड होते. एक तारीख सट्टा-शर्यतीच्या बाजारातून आलेली, दुसरी व्यवसायबंधूंच्या दुःखातून. जागा तीच.

सगळ्यांना खुला? जरा थांबा

इथवर आल्यावर मला एक नवीन सोपा निष्कर्ष सापडला होता: 'ज्याच्याकडे पैसा, त्याची तारीख.' तो घेऊन मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मग नकार कोणाला मिळाला, ते बघ."

संशोधन शिकणाऱ्यांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं मला वाटतं. जे झालं त्याच्या जाहिराती आणि फोटो राहतात. जे होऊ दिलं नाही त्याचा पत्रव्यवहार राहतो, आणि कारणं पत्रव्यवहारात असतात.

स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ घ्या. १९०८ पासून आंदोलक स्त्रियांनी अल्बर्ट हॉल अनेकदा भाड्यानं घेतला आणि भरवून दाखवला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला इथे लॉइड जॉर्ज यांचं भाषण होतं. ते मंत्रिमंडळात होते आणि सभा त्यांच्याच पक्षाच्या महिला संघटनेची. मताधिकारवाद्या प्रेक्षकांत घुसून घोषणा देऊ लागल्या. त्यांना स्वयंसेवकांनी ओढून बाहेर काढलं. एकीनं तर अंगावर येणाऱ्यांना दूर ठेवायला चाबूक काढला. म्हणजे एकाच वर्षात, एकाच प्रश्नावर, त्याच हॉलमध्ये या स्त्रिया कधी यजमान होत्या आणि कधी हाकलून दिलेल्या पाहुण्या. फरक एकच, तारीख कोणाच्या नावावर होती.

१९१३ मध्ये, आंदोलन तीव्र झाल्यावर, हॉलनं त्यांना तारखा देणंच बंद केलं. पैसे असूनही. आणि मार्च १९१८ मध्ये, काही स्त्रियांना मताचा हक्क मिळाल्यावर, त्या विजयाचा सोहळा पुन्हा इथेच झाला. हॉलच्या कौतुकपर इतिहासात मताधिकाराच्या सभा अभिमानानं येतात. बंदीसह वाचल्या तरच त्यांचा अर्थ लागतो.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातलं आणखी एक प्रकरण मला फार आवडतं. मजूर चळवळीचे नेते जॉर्ज लान्सबरी यांच्या सभेसाठी दिलेली तारीख व्यवस्थापनानं रद्द केली. मग वीज-कामगारांच्या संघटनेनं हॉलचे फ्यूज काढले आणि बजावलं की महायुद्धाच्या विजयानिमित्त इथे होणारा नाचाचा सोहळाही अंधारात होईल. व्यवस्थापनाला माघार घ्यावी लागली, सभा झाली. तारखेवर हक्क फक्त भाडेकरूचा आणि मालकाचा नसतो, दिवा लावणाऱ्याचाही असतो, हे त्या प्रकरणातून दिसतं. आपल्या किती अभ्यासांत पडद्यामागचा हा माणूस येतो?

आता आइनस्टाइनकडे परत येऊ, कारण उत्तर देणं बाकी आहे. ३ ऑक्टोबर १९३३ ची ती सभा नाझी जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेल्या विद्वानांच्या मदतीसाठी होती. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ती भरवली होती आणि निधी गोळा करणं हा हेतू होता. माझ्या स्लाइडवर मी ती 'विज्ञान' या शीर्षकाखाली ठेवली होती! वक्ता वैज्ञानिक म्हणून सभा विज्ञानाची, इतका भाबडा हिशेब. तारीख कोणाची हे कळल्याबरोबर तो कार्यक्रम विज्ञानातून उठून निर्वासितांच्या राजकारणात जाऊन बसला.

आणि त्यानंतर सात महिनेही झाले नसताना, २२ एप्रिल १९३४ ला, ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता ऑस्वल्ड मोस्ले यानं त्याच हॉलमध्ये आपल्या पक्षाची प्रचंड सभा घेतली. ज्या विचारानं आइनस्टाइनना घर सोडायला लावलं, त्या विचाराच्या इंग्रज भावंडाला तेच व्यासपीठ मिळालं. मताधिकारवाद्या स्त्रियांना कधीतरी दार बंद झालं होतं, ते मोस्लेला त्या रात्री उघडं होतं. 'विविधतेचं प्रतीक' हे माझं वाक्य या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर मला पुन्हा उच्चारता आलं नाही. सभागृह स्वतः कुठलं मत मांडत नसेल, पण दार कोणाला उघडायचं हा निर्णय मतासारखाच असतो.

नकाराचं अजून एक उदाहरण, कागदपत्रांच्या दृष्टीनं सोन्याची खाण. फेब्रुवारी १९७१ मध्ये अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा यांचा कार्यक्रम हॉलनं ऐनवेळी रद्द केला. कारण, गाण्यांचे शब्द अश्लील आहेत. झापांनी दावा लावला. १९७५ मध्ये निकाल हॉलच्या बाजूनं लागला. त्या रात्री गाणं झालं नाही, पण लंडनच्या न्यायालयात त्या गाण्यांच्या ओळी न्यायाधीशांसमोर गंभीर चेहऱ्यानं तपासल्या गेल्या. झालेल्या शंभर कार्यक्रमांपेक्षा या एका न झालेल्या कार्यक्रमातून त्या काळच्या सभ्यतेच्या कल्पना जास्त कळतात.

'संगीताचं घर' कधी झालं?

मग अल्बर्ट हॉल म्हटलं की जगाला आधी संगीत का आठवतं? याचं एक मोठं कारण म्हणजे एक बॉम्ब.

प्रॉम्स नावाची उन्हाळी संगीतमालिका रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वुड यांनी १८९५ मध्ये सुरू केली, ती लंडनच्याच क्वीन्स हॉलमध्ये. स्वस्त तिकीट काढून उभ्यानं ऐकायचं, हे तिचं वैशिष्ट्य. १९२७ पासून बीबीसीनं ती चालवायला घेतली. क्वीन्स हॉल आवाजाच्या गुणवत्तेसाठी नावाजलेला. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात तो जळून गेला. त्याच उन्हाळ्यात प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आल्या, आणि तिथेच राहिल्या.

धंद्याच्या भाषेत, हॉलला दरवर्षी उन्हाळ्यात सलग आठवडेच्या आठवडे तारखा घेणारा कायमचा भाडेकरू मिळाला. त्यात रेडिओ आणि पुढे टीव्ही. उरलेल्या वर्षात कितीही मुष्टियुद्धं झाली तरी घराघरांत पोचलेलं चित्र प्रॉम्सचं. आज आपण मागे वळून 'हे मुळातच संगीताचं घर' असं म्हणतो, तेव्हा १९४१ नंतरची ओळख १८७१ वर चिकटवत असतो. इतिहासात ही चूक सर्रास होते. शेवट माहीत असतो म्हणून सुरुवातही तशीच वाचली जाते.

नंतरच्या दशकांतही तारखांचा बाजार थांबला नाही. १५ सप्टेंबर १९६३ ला बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स एकाच कार्यक्रमात होते. जून १९६५ मध्ये ॲलन गिन्सबर्ग आणि इतर कवींना ऐकायला हजारो माणसं आली. १९७१ मध्ये मुहम्मद अली प्रदर्शनीय सामन्यासाठी आला. १९९१ मध्ये जपानबाहेरची पहिली सुमो स्पर्धा झाली.

नावाची चिठ्ठी आणि आतला माल

आता साधनांच्या तपासणीबद्दल. बॉब डिलनच्या १९६६ च्या दौऱ्यातलं एक ध्वनिमुद्रण अनेक वर्षं चोरट्या रेकॉर्डवरून 'रॉयल अल्बर्ट हॉल' या नावानं फिरत होतं. इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली म्हणून प्रेक्षकातून एक जण त्याला 'ज्यूडास', म्हणजे गद्दार, म्हणतो, ते प्रसिद्ध मुद्रण. लोकांनी अल्बर्ट हॉलच्या श्रोत्यांबद्दल त्यावरून बरंच काही म्हटलं असेल. प्रत्यक्षात ते १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेलं. डिलन लंडनला अल्बर्ट हॉलमध्ये गायला, पण २६ आणि २७ मे रोजी. १९९८ मध्ये अधिकृत अल्बम आला तेव्हा तेच चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवलं, इतकं ते रुळलं होतं.

धडा सरळ आहे. बाटलीवरची चिठ्ठी हाही पुरावा आहे, पण तो चिठ्ठी लावणाऱ्याबद्दलचा पुरावा आहे. मोठ्या सभागृहाचं नाव लावलं की रेकॉर्डला वजन येतं. आतला माल कुठला, ते वेगळं तपासावं लागतं.

लताबाईंची रात्र

आणि आता आपल्या जिव्हाळ्याची तारीख. मार्च १९७४. लता मंगेशकर अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. सुरुवातीला दिलीपकुमार यांनी त्यांची ओळख करून दिली. कार्यक्रमाच्या रेकॉर्ड निघाल्या आणि त्या आपल्याकडे घरोघरी वाजल्या. 'अल्बर्ट हॉलमध्ये गाणारी पहिली भारतीय कलाकार' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

मी हे वाक्य सेमिनारमध्ये तसंच्या तसं वाचलं होतं. आता वाचणार नाही. लताबाईंच्या मोठेपणाला यानं कणभरही धक्का लागत नाही, पण 'पहिली' हा शब्द आला की संशोधकानं लगेच विचारायचं: कुठल्या यादीतली पहिली? चित्रपटसंगीतातली? स्वतंत्र कार्यक्रम करणारी? की कोणत्याही प्रकारे त्या मंचावर आलेली? उस्ताद इमरत खाँ १९७१ मध्येच प्रॉम्सच्या कार्यक्रमात वाजवून गेले होते. म्हणजे 'पहिली' या शब्दाला विशेषण लावल्याशिवाय तो टिकत नाही.

मला तर त्याहून मोलाचा प्रश्न वेगळाच वाटतो. तारीख कोणाची? तो कार्यक्रम पंडित नेहरूंच्या स्मृतीशी निगडित निधीच्या मदतीसाठी होता. प्रॉम्सनं एखाद्या भारतीय वादकाला बोलावणं म्हणजे ब्रिटिश संगीतसंस्थेनं आपल्या कार्यक्रमात जागा देणं. इथे तसं नव्हतं. भारताशी नातं सांगणाऱ्यांनी स्वतः हॉल घेतला आणि आपलं संगीत आपल्या माणसांपुढे ठेवलं. काळही बघा. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं आणि सुमारे २८ हजार जण ब्रिटनमध्ये आले. आधीपासून स्थायिक झालेले होतेच. तिकीट काढून एवढा हॉल भरू शकेल असा समाज आता त्या शहरात होता.

पाहुणी म्हणून जाणं आणि यजमान म्हणून दार उघडणं यातला फरक 'पहिली भारतीय' या वाक्यात बुडून जातो. आणि तो फरकच तर त्या रात्रीचा खरा इतिहास आहे.

तुमच्यासाठी

विषय शोधताय? लंडनला जायची गरज नाही. अल्बर्ट हॉलचं उदाहरण घेण्याचं एक कारण हेही की त्यांच्या अभिलेखागारानं जुन्या कार्यक्रमांची सूची ऑनलाइन ठेवली आहे, तिच्यावर हात बसवता येतो. पण मग आपल्या तालुक्याच्या नाट्यगृहाकडे वळा. नगरपालिकेचं असेल तर तारखांची रजिस्टरं, भाड्याच्या पावत्या, आलेले अर्ज, ठराव असतात. सोबत वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती लावून बघा. आणि तिथे तीस वर्षं पडदा ओढणाऱ्या, लाइट सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. तो निवृत्त व्हायच्या आत.

प्रत्येक तारखेला चार प्रश्न विचारा. हॉल कोणी घेतला? त्याला त्या जागेतून काय हवं होतं, गल्ला, गर्दी की प्रतिष्ठा? त्याच सुमारास नकार कोणाला मिळाला? आणि हे मला ज्या कागदानं सांगितलं, तो कागद कोणी, कशासाठी लिहिला?

एक मर्यादाही सांगते. तारखेचं रजिस्टर सगळं सांगत नाही. खुर्चीत बसलेल्या बाईला त्या रात्री गाणं ऐकून काय वाटलं, हे कुठल्याही पावतीवर नसतं. त्यासाठी पत्रं, आठवणी, मुलाखती लागतात आणि ते काम जास्त कठीण आहे. पण पावती वाचल्याशिवाय आठवणींकडे गेलात, तर माझ्यासारखी पाहुण्यांची यादी हातात राहील.

मी ती जुनी पीपीटी अजून डिलीट केलेली नाही. आइनस्टाइनच्या फोटोखाली 'विज्ञान' असं लिहिलंय. पुढच्या सेमिनारला पहिली स्लाइड तीच दाखवणार आहे.